नर्सिंगची तयारी : दहावीपासूनच



मी बँकेतला लिपिक, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. नर्सिंगवर मी काय बोलावे, असे कुणाला वाटेल. पण विचुंब्यातल्या कितीतरी मुली नर्स व्हायचे म्हणतात, आणि तयारी मात्र बारावीच्या निकालानंतर सुरू होते. तोवर निम्मी दारे बंद झालेली असतात.

दारे कोणती? ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे. यांना कला शाखेची बारावीही चालते, मात्र इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतेच. शिवाय या विषयांत मिळून ४५ टक्के, अनुसूचित जातीसाठी ४०, इंग्रजीत उत्तीर्ण, आणि वर राज्याची सीईटी. म्हणजे खरा निर्णय दहावीनंतर शाखा निवडतानाच होतो. "आर्ट्स सोपे जाईल" म्हणून मुलीला तिकडे घालण्यापूर्वी पालकांनी हे पाहावे.

सेवेला करुणा हवी, हे आपण नेहमी ऐकतो. पण महावग्गात रुग्णसेवकाचे गुण सांगताना औषध तयार करता येणे आणि रुग्णाला काय हितकर, काय अहितकर हे ओळखणे, या गोष्टी आधी येतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही दिवा घेऊन फिरल्या तेवढ्याच आकडेमोडीतही पक्क्या होत्या. क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंची कारणे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडली.

आकडेमोड हा माझा प्रांत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे आणि नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर पडते. मग मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे : सुमारे ४२. सातवीचेच गणित. इन्सुलिनची बाटली मिलिलिटरला ४० युनिटची असते, तशी १०० चीही असते, सिरिंजही वेगवेगळ्या. ४० च्या बाटलीतले औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० नव्हे, ८ युनिट मिळतात. बँकेत आकडा चुकला तर संध्याकाळी ताळा जुळत नाही आणि आम्ही शोधत बसतो. वॉर्डात तशी सवड नसते. म्हणून ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम यांची रूपांतरे आणि त्रैराशिक हात बसेपर्यंत करा, कॅल्क्युलेटरशिवाय.

मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र अवघड जाते ते इंग्रजीमुळे. पण हे शब्द तुकड्यांनी बनतात. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी, शेवटी 'आयटिस' आले की दाह. असे शंभर तुकडे वहीत मराठी अर्थासह लिहून काढा, हजार शब्द उलगडतील. पाठांतर करताना आकृती स्वतःच्या हाताने काढा आणि धाकट्या भावंडाला मराठीत समजावून सांगा. त्याला कळले नाही, तर आपल्यालाही कळलेले नाही असे समजा.

आता पैशाचे. प्रवेशाआधी संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते पाहा. शैक्षणिक कर्जासाठी बँकही तेच विचारते. इमारत चकचकीत असून भागत नाही. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी करावी. आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत द्यावा. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाकडून आणायलाच कधी कधी दोन महिने जातात.

जयभीम.