हंगामाच्या अखेरचा ट्राउट



कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदी ज्याने केवळ पावसाळ्यात पाहिली असेल, त्याला ऑक्टोबर अखेरची तीर्थन ओळखूही येणार नाही. जुलै-ऑगस्टमधील गढूळ, उन्मत्त प्रवाह शरद ऋतूत ओसरतो, निवळतो. तळाचे गोटे मोजता यावेत इतके पाणी स्वच्छ होते. ट्राउट माशासाठी गळ टाकणाऱ्यास हंगामाचे हे अखेरचे दिवस सर्वांत रमणीय आणि तितकेच कसोटीचे वाटतात. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते.

हा मासा मूळचा येथला नव्हे. 1899 साली ब्रिटनहून काश्मीरला पाठविलेली ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. 1900 साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र जगली आणि तपकिरी ट्राउट काश्मीरच्या नाल्यांत रुजला. पुढे 1909 च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या प्रयत्नाने तो कुलूच्या खोऱ्यात आणला गेला. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने समृद्ध असे पाणी लागते. तापमान 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो व्याकूळ होऊ लागतो. यास्तव हिमालयाचे वरचे प्रवाह त्याला मानवले.

कृत्रिम माशीने मासा पकडण्याची रीत इतर रीतींहून वेगळी आहे. पिसे व धागा गळाला गुंडाळून ही माशी तयार होते. तिला स्वतःचे वजन जवळजवळ नसतेच; तिला दूर नेते ते जाड दोरीचे वजन. दोरीच्या टोकाला बारीक, पारदर्शक धागा असतो आणि त्याच्या अग्रावर माशी. ती खऱ्या कीटकाप्रमाणे प्रवाहाच्या गतीने वाहिली पाहिजे. दोरीचा किंचित ताण बसून ती आडवी ओढली गेली, तर मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

शरदात ही अडचण दुणावते. पाणी उथळ आणि नितळ असल्याने माशाला काठावरची हालचाल सहज दिसते. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. म्हणून खालच्या बाजूने, वाकून, स्वतःची सावली पाण्यावर पडू न देता त्याच्याकडे जावे लागते. धागा अधिक बारीक, माशी अधिक लहान घ्यावी लागते. सकाळी पाणी फार गार असते. ऊन वर आले की कीटक पृष्ठभागावर येऊ लागतात आणि दुपारचे काही तास मासा खाण्यास प्रवृत्त होतो. काठच्या गवतातून पाण्यात पडणारा नाकतोडाही त्याला प्रिय. चतुर मनुष्य आधी बराच वेळ नुसता पाहत बसतो.

परंतु या दिवसांत प्रश्न केवळ कौशल्याचा नसतो. तपकिरी ट्राउटचा विणीचा काळ याच सुमारास जवळ येतो. नराचे रंग गडद होतात, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. मादी शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती खडीनेच झाकते. पाणी 10 अंशांवर असेल तर सुमारे 40 दिवसांत अंडी फुटतात. 5 अंशांवर त्याला जवळजवळ दुप्पट काळ लागतो. एवढा काळ पुढली सारी पिढी खडीखाली असहाय पडून असते. तिच्यावरून मनुष्याचे एक बेफिकीर पाऊल पडले, तरी शेकडो अंडी चिरडली जातात. उथळ तळावर नुकत्याच उकरलेल्या, उजळ दिसणाऱ्या खडीपासून दूर राहावे, ते याकरिता.

अंड्यांनी भरलेली मादी गळाला लागली, तर ती ओल्या हातांनी धरून, शक्यतो पाण्यातच ठेवून, त्वरित सोडून द्यावी. आकड्याचा उलटा काटा आधीच दाबून टाकला असेल, तर हे काम सोपे होते.

यावर कोणी म्हणेल की, परक्या माशाची एवढी चिंता कशाला? आक्षेप निराधार नाही. याच पाण्यातील असेला हा मूळचा मासा अन्न आणि जागा यांसाठी ट्राउटशी झगडत आला आहे. तथापि दोघांनाही तेच थंड, वाहते, स्वच्छ पाणी हवे असते. नदी अडली, तापली वा मलिन झाली, तर पाहुणा आणि यजमान दोघेही एकदमच जातील.

ऑक्टोबरच्या अखेरच्या संध्याकाळी डोहात मासा उसळत असतानाच दोरी गुंडाळून घेणे सोपे नसते. पण मार्चमध्ये त्या डोहात पुन्हा मासा दिसावा, असे ज्याला वाटते, तो ती गुंडाळतो.