लाइन

इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले. ‘लाइन’ त्यातलाच. त्याचं मूळ लॅटिन ‘लिनम’मध्ये, म्हणजे जवसात, आपल्या अळशीत. अळशीच्या वाखाचा धागा ती ‘लाइन’ आणि त्याच वाखाचं कापड ते ‘लिनन’. हा शब्द मुळात दोऱ्याचा.

आपण त्याला काय काय करायला लावलं! रेशनच्या दुकानापुढे लागते ती लाइन, पोलिसांची घरं ती लाइन, फोनवर धरून ठेवायची तीही लाइन. मुलगा कोणत्या लाइनीला गेला, हे कौतुकाने विचारायचं आणि तोच मुलगा लाइन मारतो म्हणून ओरडायचं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि वाड्यावाड्यांतून माणसं ‘लाइनीपलीकडे’ राहू लागली. इंग्रजीत या शब्दाला लिंगच नव्हतं. आपण त्याला स्त्रीलिंगी केलं, वर विभक्तीही लावली.

तक्रार एवढीच, की या पाहुणीने घरातल्यांना जागेवरून उठवलं. रांग माणसांची, रेघ पाटीवरची, ओळ अक्षरांची. मुशायऱ्यात एखादा तरुण “सर, दोन लाइनी ऐका” म्हणतो, तेव्हा खटकतं. गझलेत तिला मिसरा म्हणतात. अरबीत मिसरा म्हणजे दाराचं एक कवाड. दोन कवाडं मिळून शेर. लाइन म्हटली की ते दारच नाहीसं होतं. नमाजाच्या रांगेला आमच्याकडे ‘सफ’ म्हणतात. लाइनीत पुढच्याला मागे सारायची घाई असते. सफेत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं.

पण एका ठिकाणी माझी तक्रार चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत माणसं भेटली की एकच प्रश्न, “लाइन आली का?” विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, मुंबईतल्या मुलाचा फोन, सगळं त्या तीन शब्दांत होतं. कागदोपत्री तिला ‘वीजवाहिनी’ म्हणत असतील. पडलेल्या माडापोफळींतून वाट काढत, भर पावसात खांबावर चढणारा माणूस मात्र लाइनमनच. त्याला शुद्ध मराठीत हाक मारली असती, तर तो वळूनही पाहता ना.