खाटांविना रुग्णालय आणि परिचारिका

मनोरुग्णांसाठी दिवस-रुग्णालय ही कल्पना जुनी आहे. १९३३ मध्ये मॉस्कोत व १९४६ मध्ये माँट्रियल येथे ती प्रत्यक्षात आली. रुग्ण सकाळी येतो, औषधोपचार, समुपदेशन व व्यवसायोपचार घेतो आणि सायंकाळी घरी परततो.

या व्यवस्थेचा कणा परिचारिका होय. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला काही मिनिटेच पाहतात. दिवसभर त्याच्यासोबत असते ती परिचारिका. कोणाचा हात औषधामुळे कापतो, कोण गोळी गालात लपवतो, कोणाची झोप उडाली आहे, हे प्रथम तिलाच कळते. नियमित येणारा रुग्ण दोन दिवस आला नाही, तर तो आजार उलटण्याचा इशारा असू शकतो. तेव्हा घरी चौकशी तीच करते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच आहे. परिचारिकांची पदे प्रामुख्याने खाटांच्या संख्येवर ठरतात. जेथे खाटाच नाहीत, तेथे पदे कशी मागायची? शिवाय खाटेचा खर्च वाचतो, असे आपण म्हणतो. परंतु रोजचे बसभाडे आणि सोबत येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी त्या हिशेबात नसते. ही बचत नव्हे, खर्चाचे स्थलांतर आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विकारागणिक सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहून उपचार घेण्याचा हक्क दिला. त्यासाठी परिचारिकांची पदे खाटांऐवजी दैनिक उपस्थितीवर मोजावी लागतील.