डीजेची भिंत, लेझरचा झोत आणि तीव्रतेचं गणित

गेल्या वर्षी विसर्जन मिरवणुकीत मी डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाचलो. घरी आलो तर कानात नुसती शिट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई काय बोलतेय ते नीट ऐकूच येईना. जाम घाबरलो. तेव्हा कुठे पुस्तकातला ‘तीव्रता’ हा शब्द मला खरा वाटला.

तीव्रता म्हणजे एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला किती ऊर्जा पोचते, ते.

आवाज हा यांत्रिक तरंग. त्यात हवेचे कण पुढेमागे हलतात. किती लांब हलतात तो आयाम, सेकंदाला किती वेळा हलतात ती वारंवारता. आयाम दुप्पट केला की तीव्रता चौपट. वारंवारता दुप्पट केली तरी चौपट! म्हणून तर बासच्या स्पीकरचा पडदा धडधडताना दिसतो, आणि बारीक आवाजाच्या ट्विटरचा हललेला कळतसुद्धा नाही.

प्रकाशाचं गणित जरा वेगळं. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं कमी-जास्त होतात. तीव्रता विद्युतक्षेत्राच्या आयामाच्या वर्गावर ठरते. वारंवारतेचा त्या सूत्रात पत्ताच नाही! मग ती काय ठरवते? एका फोटॉनमधली ऊर्जा. निळा फोटॉन तांबड्यापेक्षा दणकट. त्यामुळे तीव्रता तेवढीच असेल, तर निळे फोटॉन संख्येनं कमी येतात. आइनस्टाइननं १९०५ मध्ये मांडलेली हीच ती कल्पना.

आता अंतर. आवाज चहूकडे पसरतो, म्हणून मोकळ्या जागेत दुप्पट लांब गेलात की तीव्रता पाव होते. अरुंद गल्लीत मात्र भिंती तो परत फेकतात, तिथे एवढी सूट नाही. आणि लेझर? त्याचा झोत फारसा पसरतच नाही. चार पावलं मागे सरकून डोळे वाचत नाहीत. मान फिरवायची, बस्स.

शेवटचं, इअरफोनवाल्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. ९० डेसिबलला फक्त ४ तास. असं का? १० डेसिबल वाढले की तीव्रता दहापट होते, म्हणून वेळ दहावा हिस्सा. साधा हिशोब.

माझी शिट्टी थांबली, नशीब माझं. सगळ्यांचीच थांबते असं नाही. तेव्हा हा भाग ऐकताय ना? आवाज जरा कमी करा. भेटू पुढच्या भागात!