चांगलं वागायचं म्हणजे नेमकं काय?



मी कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून संयोजकांनी फर्मावलं, "नीतिशास्त्र पाच मिनिटांत सांग, जेवणाला उशीर नको." प्रयत्न करते.

शाळेत फळ्यावर रोज एक सुविचार असायचा. 'खरे बोलावे.' 'कुणाचे मन दुखवू नये.' या दोघांचंच आपसांत पटेनासं झालं तर काय करायचं? नीतिशास्त्र तिथून सुरू होतं. त्याच्या मुख्य वाटा तीन.

पहिली परिणामांची. जेरेमी बेंथमने १७८९ साली आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिलने ती इंग्लंडमध्ये मांडली. कृती योग्य की अयोग्य हे तिच्यामुळे सगळ्यांच्या वाट्याला किती सुख, किती दुःख येतं यावर ठरतं. आपल्या आगरकरांवर मिलचा मोठा प्रभाव होता, त्यामुळे ही वाट आपल्याला परकी नाही.

दुसरी कर्तव्याची. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७८५ साली म्हणाला, जो नियम सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला म्हणता येईल, त्याच नियमाने वागा. आणि माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. खोट्याबद्दल तो फार कडक. मित्राचा खून करायला आलेल्याने "तो घरात आहे का?" असं विचारलं तरी खोटं बोलू नये, असं त्याने लिहून ठेवलंय!

तिसरी सद्गुणांची, सर्वांत जुनी, ॲरिस्टॉटलची. 'काय करू?' याआधी तो विचारतो, 'कसा माणूस व्हायचं?' भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य असतं, आणि ते सरावाने अंगी बाणतं. मागे पडलेल्या या वाटेकडे १९५८ साली एलिझाबेथ ॲन्स्कम यांच्या एका लेखाने पुन्हा लक्ष वेधलं.

आता आपल्या वयाचा प्रश्न. आई-वडिलांचा रिपोर्ट वाईट आला, तर त्यांना सांगायचं का? माझ्या आईच्या वेळी आम्ही भावंडं दवाखान्याच्या व्हरांड्यात यावरून भांडलो. दादा म्हणाला, "ती खचेल, सांगू नका." मी म्हणाले, "आयुष्य तिचं आहे, लपवायचा आपल्याला हक्क नाही." धाकटी म्हणाली, "तुम्ही इथे भांडताय, तिच्याजवळ कोण बसलंय?"

दादा परिणाम मोजत होता, मी कर्तव्य सांगत होते, धाकटी विचारत होती की मुलं म्हणून आपण कसे आहोत. माया तिघांची सारखीच, प्रश्न वेगवेगळे. शेवटी धाकटीनेच आईला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का तुला?" आई म्हणाली, "सांग, पण उद्या सकाळी. आणि दादाला जवळ बसव." खोटं बोलायची वेळ आली नाही, आणि ती खचलीही नाही.

दरवेळी असं जमेलच असं नाही. नुसते परिणाम मोजले तर चौघांच्या सोयीसाठी एकाचा बळी जातो. नुसता नियम धरला तर माणूस कठोर होतो. आणि नुसत्या चांगुलपणाला ऐन पेचात नेमकं काय करावं ते सुचत नाही. म्हणून तिन्ही प्रश्न विचारावेत: याने काय होईल? माझं देणं काय आहे? आणि हे करून मी कोण होईन?

घरात मतभेद झाला, तर समोरचा यातला कोणता प्रश्न विचारतोय, ते आधी ऐका. निम्मं भांडण तिथेच मिटतं.