दोरीवरची काठी

आजचं निरूपण पोथीपासून नको, बाजारापासून सुरू करू. डोंबाऱ्याचा खेळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. बांबूच्या दोन कैच्या, मधे ताणलेली दोरी, खाली बाप ढोल वाजवतोय आणि वर त्याची लेक चालतेय. तिच्या हातात काय असतं? लांब आडवी काठी. आता मला सांगा, जिथं पाय ठरत नाही तिथं हे जास्तीचं ओझं कशाला?

त्याचं शास्त्र ऐका. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी ती वस्तू फिरवायला जड. विज्ञानात याला जडत्व म्हणतात. काठीचं वजन दोन्ही टोकांकडे लांब पसरलेलं, म्हणून पोरीचा तोल एकदम जात नाही, सावकाश जातो. तेवढ्यात तिला सावरायला सवड मिळते. पोरं कठड्यावरून चालताना हात का पसरतात? तेच कारण.

दुसरी गंमत. तोल डावीकडे गेला तर ती काठीचं कुठलं टोक खाली दाबते? तुम्ही म्हणाल उजवं. नाही! डावंच. काठी डावीकडे फिरवली की तिच्या उलट्या धक्क्यानं अंग उजवीकडे येतं. ती स्थिर उभी नसते हो, क्षणाक्षणाला पडते आणि सावरते. त्यालाच आपण तोल म्हणतो.

१८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस सुरू केली, तेव्हा साहेबाच्या तंबूतले खेळ मराठी माणूस करू लागला. पण तंबू असो की बाजार, धरती सगळ्यांना सारखीच खाली ओढते.

आता चला भगवंताच्या देवळात. आपला भगवंत बार्शीत उभा आहे तो अंबरीष राजासाठी, ही आपली श्रद्धा. राजाचं एकादशीचं व्रत. द्वादशी सरत आली, पारणं फेडलं पाहिजे. आणि दारी आलेले दुर्वास ऋषी स्नानाला गेले ते येईनात. अतिथीच्या आधी जेवावं तर पाप, पारणं चुकवावं तर व्रतभंग. काठीच्या एका टोकाला व्रत, दुसऱ्या टोकाला अतिथी! राजानं एकही टोक सोडलं नाही. नुसतं पाणी प्यायला. पाणी म्हणजे जेवलाही आणि नाही जेवलाही. एवढंसं सावरणं. दुर्वास कोपले, पण सुदर्शन राजाच्या पाठीशी उभं राहिलं.

मंडळी, आता घरचं सांगतो. माझी आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. कीर्तनाची सुपारी आली की मी बायकोला म्हणायचो, "हे ओझं नसतं तर आणखी चार गावं झाली असती." देवासमोर उभा राहून लोकांना मातृभक्ती सांगणारा मी, घरात हे बोलायचो. आई गेली. त्यानंतर वर्षभर माझी ना झोप वेळेवर, ना पूजा, ना जेवण. सहा वर्षं तिच्या औषधाच्या वेळेवर माझा दिवस चालत होता, हे मला तेव्हा कळलं. ज्याला ओझं म्हणालो, ती माझी काठी होती.

तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, तर आज घरी गेल्यावर घटकाभर त्यांच्यापाशी बसा. दोरी अजून बरीच बाकी आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!