एक्क्याऐंशी किलोंच्या पुढे



मुलगी अंगानं जरा भरलेली असली की आपल्याकडे घरादाराला तिच्या लग्नाचा घोर लागतो. "भात कमी खा, पुढे कोण पसंत करील?" हे आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या ऐकवतात. आज मी ज्या मुलीविषयी बोलणार आहे, तिनं ज्या गटात नाव कमावलं, त्याची अटच मुळी ८१ किलोंहून जास्त वजन ही होती. ती म्हणजे आपल्या विदर्भाची, नागपूरची बॉक्सर अल्फिया पठाण.

वडील नागपूर पोलिस दलात. भावाचं पाहून अल्फियानं ग्लोव्हज चढवले आणि प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखाली ती तयार झाली. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथं युवा जागतिक स्पर्धेत तिनं मोल्दोवाच्या दार्या कोझोरेझला ५-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुली अंतिम फेरीत पोचल्या आणि सातही जिंकल्या! पुढच्या वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात समोर होती यजमान देशाची लज्जत कुंगेबायेवा, २०१६ची जगज्जेती. निकाल पुन्हा ५-०. त्याच वर्षी नोव्हेंबरात अम्मानमध्ये ती आशियाई विजेती झाली.

या गटाला वरची मर्यादा नसते. समोरची दहा-पंधरा किलोंनी जड असू शकते. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. नुसत्या ताकदीवर गेलात तर दुसऱ्या फेरीतच दम लागतो. मग पाय हलते ठेवायचे, सरळ ठोसा मारून लगेच बाजूला सरकायचं, आणि हनुवटीपुढची मूठ काही केल्या खाली येऊ द्यायची नाही.

मात्र ऑलिंपिकचं दार अशा मुलींना बंदच आहे. पॅरिसला महिलांचा सर्वांत वरचा गट ७५ किलोंचा होता. तिथं जायचं तर वजन उतरवायचं, नाहीतर ऑलिंपिकचा नाद सोडायचा. टोमणे घरातच मिळतात असं नाही, बघा.

अशी मुलं घडतात कशी, यासाठी आता आपल्या बुलढाण्याचंच उदाहरण घ्या. इथल्या प्रथमेश जावकरनं २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात धनुर्विद्येचं सुवर्ण जिंकलं, कारण चंद्रकांत इलग यांच्यासारखा शिकवणारा गावातच होता. गुण मुलांत असतातच. जवळ मैदान आणि चिकाटीचा गुरू हवा. चिखली, मेहकर, खामगावच्या पालकांनो, तुमची लेक धिप्पाड असेल तर तिला उपाशी ठेवू नका. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, बॉक्सिंग, कुस्ती, गोळाफेक यांतलं काय शिकता येईल? सोय नसेल, तर ती मागा. चार पालक मिळून गेलात, तर नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल.